रफार कुठे गेला?

गेल्या वर्षी सप्टेंबरमधली गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. शुक्रवार म्हणजे शारजात मुलांच्या शाळेला सुट्टी. नवऱ्याचं ऑफिस दुबईत, त्यामुळे तो सकाळीच इत्तिहाद रोडच्या रांगेत जाऊन उभा राहिलेला. मी चहा घेऊन बसते तोच फोनवर व्हॉइस मेसेज आला. चिपळूणहून काकूंचा. आपल्या मंडळातल्या जुन्या लोकांना काकू चांगल्या आठवत असतील. काका-काकू पंचवीस वर्षं रोल्याजवळ राहिले. काका गेल्यावर काकू गावी परतल्या.

काकू म्हणत होत्या, "अगं, तू पाठवलेला ह्यांचा लेख नातवाने मोठ्या अक्षरात काढून दिला. वाचला. फार बरं वाटलं. पण एक विचारू का? ह्यांनी 'दर्यावर्दी' लिहिलं होतं ना गं? इथे 'दयावदी' झालंय. आणि आमचं मार्गताम्हाणे 'मागताम्हाणे' झालंय. माझा चष्मा की तुझं यंत्र?"

मी लॅपटॉप उघडला. चष्मा नव्हता. यंत्रच होतं. 'वर्ष'चं 'वष' झालं होतं, 'कर्ज'चं 'कज', 'मार्च'चा 'माच'. अख्ख्या लेखात एकही रफार शिल्लक नव्हता. 'अर्थ' जाऊन 'अथ' उरला होता! मी मराठीची एम. ए., सहा वर्षं कोल्हापुरात शाळेत मराठी शिकवलेलं, मुलांच्या वह्यांतले रफार तांबड्या शाईने दुरुस्त करण्यात आयुष्याचा बराच भाग घालवलेला. आणि माझ्याच हातून मंडळाच्या चार वर्षांच्या अंकांतले सगळे रफार गेले होते.

ते कसे गेले आणि परत कसे आणले, त्याची ही हकिकत. गोष्ट कॉम्प्युटरची आहे, पण घाबरू नका. मीही त्यातली नाही. स्वयंपाकघर आणि वर्ग या दोन ठिकाणी जे शिकले त्याच्याच आधाराने हे समजून घेतलं.

घरची भाजणी

२०२० च्या मार्चमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या आणि घरात एका लॅपटॉपची कमतरता पडली. माळ्यावर एक जुना होता, पण तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. पुण्यातला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, त्यावर लिनक्स घालू. तुला वेळ आहे ना? मग नीटच शिक. जेन्टू घालू."

जेन्टू हे पेंग्विनच्या एका जातीचं नाव. पाण्यात सगळ्यांत वेगाने पोहणारा पेंग्विन तो हाच. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या या लिनक्सची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली आली. तिचं वेगळेपण असं, की बाकीच्या बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅम आयते तयार मिळतात. दुकानातून चकलीचं पाकीट आणावं तसे. जेन्टू तुम्हाला देतं ती कृती आणि कच्चा माल. म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, ज्याला सोर्स म्हणतात, आणि त्याचं काय करायचं हे सांगणारा एक छोटा कागद. त्या कागदाचं नाव ईबिल्ड. भाजणी भाजायची, दळायची, चकल्या पाडायच्या, हे सगळं आपल्या घरी, आपल्या यंत्रावर.

डिसेंबर २०२३ पासून जेन्टूनेही हवी त्याला तयार पॅकेजेस द्यायला सुरुवात केली आहे. पण ज्या वस्तू त्यांच्या दुकानातच नाहीत, त्या घरीच कराव्या लागतात. माझ्याकडे अशा पाच आहेत. मराठी टायपिंगशी संबंधित दोन, मुलांसाठी एक पाढ्यांचा खेळ, एक फॉण्ट, आणि ज्याच्यामुळे हा लेख लिहिते आहे तो एक बदलक. यांचे ईबिल्ड मी स्वतः लिहून सांभाळते. माझ्या त्या छोट्याशा कपाटातून पुण्यात भाऊ, त्याचे दोन मित्र आणि मंडळाच्या ग्रंथालयातला कॉम्प्युटर, इतकेच लोक माल नेतात. इंग्रजीत याला मेंटेनर असं भारदस्त नाव आहे. खरं काम लोणच्याच्या बरण्या सांभाळण्याचं आहे. मधूनमधून उघडून बघायचं, वर बुरशी तर नाही ना.

बदलक

युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी टाइप करायचो ते फॉण्टच्या जिवावर. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि खुणाच असायच्या. वरून फॉण्टचा मुखवटा चढवला की मराठी दिसायचं. फॉण्ट हरवला की मजकुराचा नुसता चिवडा. आपल्या मंडळाचे २००१ ते २००९ चे अंक असेच केलेले. सीडीवर फायली होत्या, पण त्या उघडल्यावर वाचता येत नव्हत्या.

भावाने एक लहानसा प्रोग्रॅम शोधून दिला. कुणा विद्यार्थ्याने पंचवीस एक वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिलेला. त्या जुन्या फॉण्टमधलं कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं मराठी अक्षर याचा तक्ता त्यात आहे. तो मजकूर वाचतो आणि युनिकोडमध्ये लिहून देतो. लिहिणाऱ्याचा पत्ता आता लागत नाही. ईमेल पाठवलं, परत आलं. म्हणजे बरणी आता माझ्याकडेच.

२०२४ च्या मार्चमध्ये पहिले तीन अंक बदलून झाले. ओळ न् ओळ तपासली. सुरेख काम. एप्रिलच्या १६ तारखेला तो पाऊस आला. त्यावर मी निराळं काय सांगणार, आपण सगळ्यांनीच तो बघितला. आमच्या इमारतीत वीज गेली तेव्हा लॅपटॉपवर कसलंसं कंपाइल चालू होतं आणि बॅटरी जुनी. मला वाटलं, संपलं. पण जेन्टूची एक रीत चांगली आहे. नवी वस्तू आधी बाजूला, निराळ्या जागेत पूर्ण बांधतात. ती पूर्ण झाल्यावरच तिच्या जागी आणून ठेवतात. अर्धवट राहिलेलं घरात येतच नाही. वीज आल्यावर 'पुढे चालू' अशी एक आज्ञा दिली आणि काम सुरू झालं. त्या विश्वासावर मी जरा जास्तच विसंबले.

जुन्या दह्याचं विरजण

आता कंपायलरकडे येते. माणसाने लिहिलेल्या सोर्सचं यंत्राला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. घरची घरघंटीच. जेन्टूमध्ये बहुतेक सगळं ज्याने दळलं जातं त्याचं नाव जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. आता दरवर्षी वसंतात त्याची नवी मोठी आवृत्ती येते.

आपल्याकडच्या लोकांचंही या बाबतीत काम आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, आणि या अवाढव्य प्रोग्रॅमच्या पोटात काय चालतं हे विद्यार्थ्यांना उलगडून सांगण्यासाठी कार्यशाळा घेतल्या. भावाने त्यांची टिपणं मला पाठवली होती. मला त्यातलं फार थोडं कळलं. पण इतक्या लोकांचा हात लागलेली वस्तू नीट शिकवायला घेणारं कुणी तरी हवं असतं, हे मास्तरकी केलेल्या माणसाला लगेच पटतं.

नवं जीसीसी कशाने तयार होतं? जुन्या जीसीसीनेच! दह्याचं विरजण कालच्या दह्याचं, तसं. आणि तेही एकदा नाही, तीनदा. पहिल्या फेरीत जुना कंपायलर नव्याला बांधतो. दुसऱ्या फेरीत तो नवा स्वतःलाच पुन्हा बांधतो, तिसऱ्यात आणखी एकदा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचं फळ ताडून बघतात. दोन्ही तंतोतंत सारखी असतील तर विरजण शुद्ध. आमच्या जुन्या लॅपटॉपला याला सहज पाच-सहा तास लागतात, आणि जुलैत शारजामध्ये ते करायचं म्हणजे एसी लावलेल्या खोलीतही त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो. मी रात्री लावून झोपते.

जुलै २०२४ मध्ये मी चौदावी आवृत्ती घातली. ती त्याच वर्षी मे महिन्यात आली होती. जेन्टूत तेरावी आणि चौदावी शेजारी-शेजारी नांदू शकतात. कुठली वापरायची ते एका आज्ञेने ठरतं. मी चौदावीकडे वळवलं आणि माझ्या पाचही पॅकेजेस पुन्हा बांधायला घेतली. चार झाली. बदलक अडला.

पंचवीस वर्षांची तांबडी शाई

का अडला हे सांगण्याआधी शुद्धलेखनाचं सांगते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यात आणखी चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'कांहीं'चं 'काही' झालं, 'नांव'चं 'नाव'. पण माझी आजी शेवटपर्यंत 'कांहीं'च लिहायची आणि पोस्टमन तिचं पत्र बिनतक्रार पोचवायचा. नियम बदलला तरी जुनं लिहिणाऱ्याला लगेच कुणी नापास करत नाही.

सी भाषेचं तसंच. जुन्या सीमध्ये एक सवलत होती. एखाद्या फंक्शनची ओळख आधी करून न देताच ते वापरलं, तर कंपायलर गृहीत धरायचा की ते एक साधा पूर्णांक परत देत असणार. १९९९ च्या प्रमाण नियमांत ही सवलत काढून टाकली. पण तेव्हाचा अमाप जुना मजकूर त्या सवलतीवर उभा होता, म्हणून जीसीसी नुसता इशारा द्यायचं आणि पुढे जायचं. बाई समासात तांबड्या शाईने लिहायच्या, मार्क कापायच्या नाहीत. चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २५ वर्षांनी, बाईंनी मार्क कापले. इशाऱ्याची चूक झाली आणि काम थांबायला लागलं.

हा नुसता हट्ट नाही. आजच्या यंत्रांवर पत्ता ६४ बिटांचा असतो आणि तो गृहीत धरलेला पूर्णांक ३२ बिटांचा. एखादं फंक्शन पत्ता परत देत असेल आणि कंपायलरने पूर्णांक गृहीत धरला, तर अर्धा पत्ता कापला जातो. 'तिसरा मजला, अमुक इमारत, रोला, शारजा' यातलं 'रोला, शारजा' एवढंच हातात राहिलं, तर पार्सल कुठे जाईल? कधी योगायोगाने पोचेल, कधी नाही. अशा चुका वर्षानुवर्षं लपून राहतात.

माझ्या बदलकात अशा तीन जागा निघाल्या. फंक्शनची ओळख असलेल्या फाइलचा उल्लेख वर करायचा राहिला होता. तीन ओळी घातल्या. बांधणी पूर्ण झाली. मला इतका आनंद झाला की भावाला रात्री अकराला फोटो पाठवला. (पुण्यात साडेबारा वाजले होते. त्याने अंगठा पाठवला आणि झोपला.) शेवटी पडद्यावर काही पिवळ्या ओळी आल्या होत्या. काम झालंय म्हटल्यावर त्या कोण वाचतं? मी खिडकी बंद केली.

मग ऑगस्टभर मी पुढचे चार अंक बदलले, २००४ ते २००७. मार्चमध्ये सगळं नीट आलं होतं, प्रोग्रॅम तोच, म्हणून या वेळी तपासलं नाही. लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून मूळ फायलींच्या प्रती पुसून टाकल्या. समितीला कळवलं, झालं. ज्यांचे लेख होते त्यांच्या घरी एकेक प्रत पाठवली. सोळा जणांनी 'छान, धन्यवाद' म्हणून कळवलं. वाचलं एकट्या काकूंनी.

खोटं न बोलता चुकीचं उत्तर

त्या शुक्रवारी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, रडू नकोस. आधी सांग, मार्च आणि ऑगस्टमध्ये काय बदललं?"

"काहीच नाही. प्रोग्रॅम तोच."

"कंपायलर?"

"तो बदलला."

"मग प्रोग्रॅम तोच नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

जुन्या प्रोग्रॅमांबरोबर 'कॉन्फिगर' नावाची एक पडताळणी येते. बांधणीच्या आधी ती घरात काय आहे, काय नाही ते बघते. कसं बघते? एक चिमुकला नमुना-प्रोग्रॅम लिहून तो कंपाइल होतो का ते बघते. झाला तर 'आहे', नाही झाला तर 'नाही'. माझ्या बदलकाच्या पडताळणीतले हे नमुने त्या जुन्या सवलतीच्या काळातले होते. त्यांत फंक्शनची ओळख करून दिलेली नव्हती. तेराव्या आवृत्तीने इशारा देऊन ते चालवून घेतले होते. चौदाव्याने नाकारले. पडताळणीने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला, की आयकॉन्व्ह घरात नाही. आयकॉन्व्ह म्हणजे एका लिपी-संकेतातून दुसऱ्यात नेणारी सोय. ती घरात होती, अगदी डोळ्यांसमोर होती. पण प्रश्नच असा विचारला गेला की उत्तर 'नाही' आलं.

आयकॉन्व्ह नसेल तर काय करायचं याची पर्यायी सोयही त्या विद्यार्थ्याने करून ठेवली होती, बिचाऱ्याने चांगल्या हेतूने. ती सोय साध्या संकेतावर चालायची. त्या संकेतात १२८ ते १५९ या क्रमांकांच्या जागांवर दिसणारं अक्षर नसतं. विंडोजच्या संकेतात तिथे अवतरणचिन्हं, रेघा वगैरे असतात. आणि आमच्या जुन्या फॉण्टने नेमका तिथेच रफार बसवला होता! पर्यायी वाट त्या जागा रिकाम्या समजून सोडून देत होती. कुठे तक्रार नाही, कुठे चूक नाही. फक्त रफार नाहीत.

त्या पिवळ्या ओळी मी नंतर नोंदवहीतून काढून वाचल्या. पॅकेजेस बांधणारं जेन्टूचं पोर्टेज अशा नोंदी आपण होऊन ठेवतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की पडताळणीच्या नोंदींत ओळख न दिलेली फंक्शन्स सापडली आहेत, लक्ष द्या. तारीख जुलैची. म्हणजे कंपायलर मला सांगत होता, पोर्टेज सांगत होतं. मास्तरीणबाईंनी समासातली टीप वाचली नव्हती.

सीड्या

आता फायली पुन्हा बदलायच्या तर मूळ हव्यात. माझ्याकडच्या पुसलेल्या. समितीत फोन केला. "अहो, तुम्ही झालं म्हणालात ना? सामानाची खोली रिकामी करायची होती. पेटी माझ्या गाडीच्या डिकीत आहे, उद्या टाकणार होतो."

नवरा आल्या आल्या आम्ही दोघं अल नहदाला जाऊन ती पेटी घेऊन आलो. डिकी तापलेली, पेटी हाताला गरम लागत होती. घरी एकेक सीडी लावली. तीन अंकांच्या नीट उघडल्या. २००४ ची उघडली नाही. ती उन्हाने गेली की आधीच गेली होती, मला सांगता येणार नाही. मी जुलैतच ती उघडून फायली घेतल्या होत्या आणि पुसल्या होत्या, एवढं मात्र मला सांगता येतं.

काकांचा लेख २००५ च्या अंकातला होता. तो वाचला. त्यांचे वडील दाभोळच्या खाडीत मचवा चालवायचे. काका पहिल्यांदा इकडे आले तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, त्या दर्यात मासळी कसली मिळते? त्या लेखातून 'दर्या' हाच शब्द गेला होता.

दुरुस्ती आणि नियम

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. एक सोपा. चौदाव्या आवृत्तीला एक खूण देऊन सांगता येतं, की या पॅकेजपुरती जुनी सवलत चालू ठेव. शाळेतले ग्रेस मार्कच! पोरगं वरच्या वर्गात जातं, पण त्याला ते गणित येत नाही ते नाहीच. अर्धे पत्ते कापले जाण्याचा धोका तसाच राहतो. त्या आठवड्यापुरती मी ती सवलत वापरली, कारण काकूंना लेख पाठवायचा होता. मग नीट काम केलं. पडताळणीतले नमुने आजच्या नियमांप्रमाणे लिहिले. ईबिल्डमध्ये एक ओळ वाढवली, की आयकॉन्व्ह सापडलं नाही तर पर्यायी वाटेने जाऊ नकोस, तिथेच थांब आणि ओरड. गप्प राहून चुकीचं काम करणाऱ्यापेक्षा ओरडून थांबणारा परवडला. मुलांच्या बाबतीतही मी हेच म्हणत आले.

भावाने तेव्हा समजावून सांगितलं, की कंपायलर बदलला की तीन तऱ्हांनी बिघडतं. पहिली तऱ्हा म्हणजे बांधणीच होत नाही. ही सगळ्यांत बरी, लगेच कळते. दुसरी, वेगवेगळे बांधलेले तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. २०१५ साली पाचव्या आवृत्तीत सी प्लस प्लसच्या मजकूर साठवण्याच्या पद्धतीची मांडणीच बदलली, तेव्हा जुन्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी आणि नव्याने बांधलेला प्रोग्रॅम जोडायला गेलं की जोड बसेना. एकाचं माप इंचात, दुसऱ्याचं सेंटिमीटरमध्ये. तेव्हा जेन्टूवाल्यांना ढिगाने पॅकेजेस पुन्हा बांधावी लागली होती. तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट. बांधणी होते, जोडही बसतो, प्रोग्रॅम चालतो, आणि उत्तर चुकतं. माझं तिसऱ्यातलं.

त्यावरून मी माझ्यापुरते नियम केले. नवा कंपायलर आला की जुना लगेच काढायचा नाही, दोन्ही ठेवायचे. आधी आपली पॅकेजेस बाजूला नव्याने बांधून बघायची. बांधणी झाली म्हणून आनंद मानायचा नाही. जुन्या आणि नव्या बांधणीत पडताळणीने दिलेली 'आहे-नाही' उत्तरं शेजारी ठेवून ताडायची. काल 'आहे' होतं ते आज 'नाही' का झालं, याचं कारण मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. पिवळ्या ओळी वाचायच्या. दुरुस्ती एका वेळी एकच करायची आणि ती का केली हे दोन ओळींत लिहून ठेवायचं, कारण पुढच्या वर्षी आपल्यालाच आठवत नाही. आणि मूळ फाइल, काहीही झालं तरी, पुसायची नाही.

आणखी एक नियम आहे, तो माझा लाडका. ईबिल्डमध्ये चाचणीसाठी एक जागा असते. बांधणीनंतर तिथे प्रोग्रॅमची परीक्षा घेता येते. मी तिथे श्रुतलेखन ठेवलं. वर्गात घालायचे तेच शब्द जुन्या फॉण्टमध्ये एका पानावर टाइप केले. धर्म, सूर्य, पर्वत, ट्रक, कृष्ण, श्री, ज्ञान, वाङ्मय, ऱ्हास. आणि आपल्या मराठीच्या खास जोड्या: दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. रफाराच्या जागी चुकून अर्धा 'ऱ' आला तर समुद्राची दरी होते आणि गुरुजींचा स्वयंपाकी. प्रोग्रॅमने हे पान बदलून द्यायचं, आणि ते माझ्या उत्तरपत्रिकेशी अक्षरशः जुळलं तरच पास. एक काना जरी चुकला तरी पॅकेज घरात येत नाही. इथे ग्रेस मार्क नाहीत.

यंदाचं

२०२५ च्या एप्रिलमध्ये पंधरावी आवृत्ती आली. तिने सी भाषेचा २०२३ चा प्रमाण नियम आपोआप लागू केला. पूर्वी 'बूल' हा शब्द कुणीही आपल्या सोयीने वापरायचं. आता तो भाषेचा राखीव शब्द झाला. पूर्वी फंक्शनचा रिकामा कंस म्हणजे 'काय द्यायचं ते अजून ठरलं नाही' असं असायचं. आता 'काहीच द्यायचं नाही' असं झालं. माझा बदलक दोन्ही ठिकाणी अडला. त्या विद्यार्थ्याने स्वतःचा 'बूल' केला होता आणि कंस रिकामे सोडले होते.

या वेळी मी घाबरले नाही. नियमाप्रमाणे चौदावी बाजूला ठेवली. दोन दुरुस्त्या केल्या, दोन्हींची कारणं लिहिली. पडताळणीची उत्तरं ताडली, सगळे 'आहे' जागेवर. मग श्रुतलेखन. पहिल्या खेपेला नापास! 'वाङ्मय' चुकलं होतं. पण ती माझी चूक निघाली, उत्तरपत्रिकेत मीच 'वाङमय' लिहून ठेवलं होतं आणि त्या आठवड्यातच पान नव्याने टाइप केलं होतं. सहावीतल्या लेकीने ते बघितलं. "आई, तू टीचर होतीस ना?" म्हणाली. दुसऱ्या खेपेला पास.

२००५, २००६ आणि २००७ चे अंक पूर्ण बदलून, या वेळी ओळ न् ओळ वाचून, मंडळाच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. २००८ आणि २००९ चं काम चालू आहे. काकांचा लेख संपादकांनी याच अंकात पुढे पुन्हा छापला आहे. दोन्ही रफार जागेवर आहेत. काकूंना पाठवला तेव्हा त्यांनी तो फोनवर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'दर्यावर्दी' म्हणताना जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "आता बरोबर. ठेव हो नीट."

राहिला २००४ चा अंक. त्याच्या फायली गेल्या, आणि त्या माझ्या हातून गेल्या. तुमच्यापैकी कुणाकडे, इथे किंवा गावी कपाटात, त्या वर्षीचा छापील अंक असेल तर कृपा करून मला कळवा. पान गळलेलं असलं तरी चालेल, डाग असले तरी चालतील. मी तो बसून टाइप करीन. त्याला कंपायलर लागत नाही.

आणि तुमच्या आई-वडिलांनी, सासऱ्यांनी त्या जुन्या फॉण्टमध्ये काही लिहून ठेवलं असेल, तर सीडी गाडीच्या डिकीत ठेवू नका. माझ्याकडे आणून द्या. बदलून देईन, पण घरच्या कुणी तरी एकाने ते शेवटपर्यंत वाचायचं, ही माझी अट आहे. ज्याला त्या माणसाचं गाव ठाऊक आहे, त्यालाच त्यातला हरवलेला रफार दिसतो.

दिवाळीच्या शुभेच्छा.